कुमाचा कान

तिहोमीरच्या लाल गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसली आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोने त्या गाडीत बसणं सोडलं.

तोपर्यंत सगळं ठीक होतं. गाडी जुनी होती, तिच्यातला रेडिओ जुना होता आणि तिहोमीरही काही कालचा नव्हता. तिघांचं एकमेकांशी बरं जमायचं. रेडिओ एकाच बाजूने वाजायचा, तोही खड्डा आला तर. पण तिहोमीरने उभी हयात बस चालवण्यात काढली होती. मागे बसभर माणसं एकमेकांच्या सुनांबद्दल बोलत असताना इंजिनाचा आवाज ओळखायची त्याला सवय होती, त्यामुळे अर्धा रेडिओ त्याला पुरून उरायचा.

वेलिबोरला तो पुरेना. वेलिबोर त्याचा कुम. म्हणजे त्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला, आणि आता त्या मुलीच्या मुलालाही घेणार असलेला. सर्बियात, मोरावा नदीच्या काठी, माणूस भावाशी भांडतो, व्याह्याशी तर भांडावंच लागतं, पण कुमाशी कोणी भांडत नाही. कुमाने आणलेली राकिया घशात रॉकेलसारखी उतरली तरी पेला पुढे करून अजून मागायची. तिथली रीतच तशी आहे.

"नातवाच्या बाप्तिस्म्याला गाडी गात गेली पाहिजे," वेलिबोर म्हणाला. "बाळाला जे द्यायचं ते मी देईनच. हे गाडीला."

आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळं बसवलं. पुढे चकचकीत पडद्याचा डेक, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, दारांत बशीएवढे स्पीकर, आणि समोरच्या काचेच्या दोन कोपऱ्यांत जर्दाळूएवढे दोन बारके स्पीकर. हे बारके स्पीकर वरच्या पट्टीतला आवाज काढतात. ते फार मन लावून काढत होते.

इथे वेलिबोरच्या कानाबद्दल सांगायला हवं. गावात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याचा कान प्रसिद्ध होता. रस्त्याने जाता जाता तो एखाद्या खिडकीखाली थांबायचा, मान तिरकी करायचा आणि वर हाक मारायचा, "मिलेवाबाई, तुमचा टीव्ही शिट्टी मारतोय. आठवडाभराचा सोबती आहे." आठवड्याच्या आत टीव्ही बंद पडायचाच. काही लोक म्हणत की तो भीतीनेच पडायचा. पण कानाला मान होता. दुकान बंद झालं, बायको गेली, मुलगा परदेशात गेला. वेलिबोरकडे राहिला तो कान, आणि तो कान घेऊन तो गावातून ताठ मानेने चालायचा.

तर असा तो वेलिबोर पुढच्या सीटवर बसला, तिहोमीरची बायको देसांका मागे बसली आणि तिहोमीरने बटण दाबलं.

बातम्या चालू होत्या. बातम्या देणाऱ्या बाईचा एकेक 'स' म्हणजे तापल्या तव्यावर पडलेलं पाणी. ती 'सरकारने सांगितले' म्हणाली तेव्हा तिहोमीरच्या दाढेतलं जुनं चांदीचं भरण थरथरलं. मग अकॉर्डियन सुरू झालं. कोणीतरी पत्र्याचं छप्पर सावकाश, चवीने फाडतंय असं वाटलं. फाटकापाशी झोपलेला शेजाऱ्यांचा कुत्रा उठला, त्याने गाडीकडे एकवार पाहिलं आणि तो मक्याच्या शेतात निघून गेला.

वेलिबोरने डोळे मिटले होते. चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं.

"कसं?"

"कुमा," तिहोमीर म्हणाला, "असं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

हे अक्षरशः खरं होतं. वेलिबोरचे डोळे पाणावले.

 घरी आल्यावर देसांकाने डोक्याचा रुमाल सोडला, ती खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मी नातवाच्या बाप्तिस्म्याला चालत जाणार."

"अगं, मठ डोंगरापलीकडे आहे."

"मग आदल्या दिवशी निघेन."

"कुमाने प्रेमाने बसवलंय ते."

"प्रेमाने कान कापला तरी कान जातोच, तिहोमीर. तू त्याला सांग."

"कुमाला?"

यावर देसांकाही गप्प झाली. कारण ती त्याच गावची होती.

मग तिहोमीर स्वतःच कामाला लागला. आधी त्याने खिडक्या उघड्या ठेवून पाहिल्या. आवाज बाहेर गेला आणि रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. नंतर त्याने देसांकाचे लोकरीचे मोजे त्या जर्दाळूंवर चढवले. बरं वाटलं, पण काचेला कोणाचे तरी पाय टेकलेत असं दिसायचं, आणि बाजारात दोघांनी विचारलंदेखील. शेवटी त्याने डेकवरच्या पडद्यात बोट घालून घालून वरच्या पट्टीचा आवाज कमी करायची जागा शोधून काढली आणि तो चांगला खाली आणला. अकॉर्डियन पुन्हा अकॉर्डियन झालं. त्या संध्याकाळी तो एकटाच गाडीत बसून तीन गाणी ऐकून आला.

शनिवारी वेलिबोर गाडीत बसला. ऐकलं, मान तिरकी केली, कपाळाला आठ्या घातल्या.

"बिचारी झोपलीय," तो म्हणाला. "तारांनी जागा सोडली असणार. थांब."

त्याने सगळं होतं तिथे आणलं आणि वर आणखी दोन घरं चढवलं. "आता?"

"आता जागी झाली," तिहोमीर दाढ धरून म्हणाला.

बाप्तिस्मा पुढच्या रविवारी होता. तिहोमीर रोज सकाळी उठून गाडीकडे बघायचा, जसा माणूस दुखऱ्या दाताकडे जिभेने बघतो. सांगावं तर कुम दुखावतो. न सांगावं तर नातवाच्या बाप्तिस्म्याला आजी पायी येते आणि सगळं गाव विचारतं, का? त्याचं उत्तरही कुमापाशीच जाऊन थांबतं. दुसऱ्या मेकॅनिककडे न्यावी तर गावात मेकॅनिक एकच, आणि तो वेलिबोरचा शिष्य.

म्हणून बुधवारी तो कोणाला न सांगता क्राल्येवो शहरात गेला. तिथे यागोदा नावाच्या एका बाईचं गाड्यांत स्पीकर बसवायचं दुकान होतं. तिच्या हातावर सोल्डरिंगचे डाग होते आणि तोंडात सूर्यफुलाच्या बिया.

तिने गाडीत बसून अर्धं गाणं ऐकलं, बंद केलं, टरफल थुंकलं आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही रोज ऐकता?"

"रोज नाही. कुम असला की."

तिने दारांचे पत्रे काढले, तारा तपासल्या, उलटसुलट जोडल्या नाहीत ना ते पाहिलं. सीटखाली टॉर्च मारली. मग ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर एक छोटा माइक लावला, स्पीकरमधून सूं-सूं असा आवाज सोडला आणि लॅपटॉपवर उमटणारी रेघ बघत बसली.

"कोणी बसवलंय?"

"का? चुकलंय?"

"चुकलंय? काका, इतकं सुबक काम मी मुलांना दाखवायला ठेवीन. एकेक जोड बघा, दागिना आहे दागिना. स्पीकर चांगले, अ‍ॅम्प्लिफायर चांगला. हे बारके स्पीकर थेट कानावर रोखलेत, ते थोडे फिरवले की झालं. खरी गंमत इथे आहे." तिने रेघेवर बोट ठेवलं. रेघ सपाट चालत आली होती आणि शेवटी डोंगर चढल्यासारखी वर गेली होती. "हा डोंगर कोणीतरी हाताने घातलाय. एकेक पायरी, फार काळजीने. असं कोण करतं माहितीय? ज्याला वरचं ऐकूच येत नाही तो. त्याला ऐकू यायला लागेपर्यंत तो चढवत जातो. त्याच्या कानाला हे अगदी बरोबर आहे. बाकीच्यांच्या कानाला करवत."

 तिहोमीरला रातकिडे आठवले.

गेली तीन वर्षं वेलिबोर कॅफेतल्या त्यांच्या टेबलावर, नदीकाठच्या विलोच्या झाडाखाली, संध्याकाळी हात वर करायचा. "ऐका! काय ऐकू येतं?" सगळे ऐकायचे. विलोत, गवतात, भिंतीच्या फटींत रातकिडे नुसते कोकलत असायचे. "काही नाही ना? संपवले! फवारण्या करून करून रातकिडे संपवले लेकाच्यांनी!" आणि टेबलावरचा एकेक जण मान डोलवायचा. संपवले. कोण बोलणार? वेलिबोरचा कान म्हणतोय. न्हावी ल्युबिशा तर एकदा रातकिड्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला होता, "खरंय, काय ही शांतता!" वेलिबोर नगरपालिकेतही तक्रार करून आला होता, आणि तिथल्या साहेबांनीही चौकशी करतो म्हणून सांगितलं होतं.

आणि देसांकाची किटली. ती शिट्टी मारून मारून लाल व्हायची आणि शेजारी बसलेला वेलिबोर विचारायचा, "कुमीणबाई, कॉफीला वेळ आहे का अजून?" तिहोमीरला वाटायचं, कुमाला घाई झालीय.

"मग काका?" यागोदाने विचारलं. "कान कोणाचे?"

क्राल्येवोत वेलिबोरला ओळखणारे निम्मे लोक होते. उरलेल्या निम्म्यांचे टीव्ही त्याने दुरुस्त केले होते.

"माझेच," तिहोमीर म्हणाला.

यागोदाचा चेहरा एकदम मऊ झाला आणि आवाज एकदम मोठा. "असं होय! आधी नाही का सांगायचं! लाजायचं काय त्यात! माझे वडीलही तसेच!"

"मला ऐकू येतंय."

"सगळे असंच म्हणतात!" ती ओरडली. शेजारच्या टायरवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काका बहिरे आहेत!" तिने त्याला समजावलं.

काम मात्र तिने चोख केलं. जर्दाळू वळवले, अ‍ॅम्प्लिफायरचा चढलेला जोर उतरवला, आणि डेकच्या लक्षात राहतील अशा दोन जागा केल्या. एक नंबर दाबला की जुना डोंगर. दोन नंबर दाबला की सपाट रस्ता. "एक तुमचा! दोन काकूंचा!" आणि निघताना तिने कानाच्या डॉक्टरांचं कार्ड त्याच्या खिशात कोंबलं. "माझी आतेबहीण आहे! यंत्र एवढंसं असतं, कानात दिसतसुद्धा नाही!"

परतीच्या वाटेवर तिहोमीरने दोन नंबर लावला. अकॉर्डियन मऊ वाजत होतं, मागून व्हायोलिन येत होतं, बातम्यांतली बाई माणसासारखी बोलत होती. त्याला फार बरं वाटायला हवं होतं.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. टायरवाल्याचा साडू गावात बेकरी चालवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव देताना बेकरीवाला ओरडला, "गरम आहे, तिहोमीर! गरम!" पोस्टातली बाई ओठ ताणताणून बोलू लागली. ल्युबिशाने दाढी करताना हातवारे केले आणि वस्तरा हातात असल्यामुळे तिहोमीर घाबरला.

संध्याकाळी वेलिबोर आला. फाटकातूनच त्याचा आवाज खाली गेला होता, म्हणजे भावना दाटल्या होत्या. मग त्याने खुर्ची तिहोमीरच्या कानाला लावली.

"कुमा! मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"का-य! बघ! ऐकू नाही आलं!" त्याने देसांकाकडे दुःखाने पाहिलं. "कुमीणबाई, तुम्ही तरी?"

देसांका किटली उतरवत होती. तिहोमीरने तिला सगळं सांगितलं होतं. जन्मात खोटं न बोललेली बाई ती, ती फक्त म्हणाली, "कुमा, साखर किती?"

"मी विचार करतोय," वेलिबोर तिहोमीरच्या कानात गर्जला, "की गाडीतला आवाज आणखी थोडा वर घेऊ. तुझ्यासाठी!"

रविवारी देसांका गाडीत बसली. दोन नंबर आहे, या भरवशावर. पण कुम पुढच्या सीटवर, आणि कुमाचा हात डेकवर. त्याने एक नंबर दाबला आणि वर आणखी काय काय दाबलं. डोंगर चढताना गाडीत जे झालं त्याला संगीत म्हणणं कठीण आहे. देसांकाने रुमालाखाली कापूस घातला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली, हात मांडीवर जुळवलेले, जणू दंतवैद्याकडे पाळी यायची वाट बघतेय.

मठात सगळं छान झालं. पाद्रीबाबांचा आवाज तळघरातून आल्यासारखा भारदस्त होता, त्यामुळे वेलिबोरने एकूण एक प्रश्नाला वेळेवर उत्तर दिलं. बाळाचं ओग्न्येन हे नाव त्याने खणखणीत उच्चारलं. पाण्यात बुडवल्यावर ओग्न्येनने असा टाहो फोडला की मेणबत्त्या हलल्या. वेलिबोर त्याला छातीशी धरून कौतुकाने म्हणाला, "रडणंसुद्धा बघा, किती हळुवार."

मंडळींनी माना डोलावल्या. तिहोमीरनेही डोलावली, पण या वेळी ती मान त्याला जड गेली.

कोकराचं मटण झालं, राकिया झाली, गाणी झाली. उन्हं कलल्यावर तिघं लाल गाडीतून डोंगर उतरू लागले. नदी दिसायला लागली तेव्हा वेलिबोरने तिहोमीरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव जरा! पाय मोकळे करू!"

तिहोमीरने गाडी काठाला घेतली आणि इंजिन बंद केलं. गाणंही बंद झालं. आणि दोन्ही बाजूंच्या गवतातून रातकिडे उसळले. बसभर माणसं एकदम बोलावीत तसे.

वेलिबोर खाली उतरला नाही. समोरचं पाणी बघत त्याने तिहोमीरच्या गुडघ्यावर थाप मारली. "मन खट्टू करू नकोस, कुमा," तो मोठ्याने म्हणाला. "तुझं फारसं काही बुडत नाहीये. पूर्वी या वेळेला इथे रातकिडे असायचे. आता ऐकायला उरलंय काय? हो की नाही?"

तिहोमीरने तोंड उघडलं. इतकी वर्षं जो 'संपवले' हा शब्द सहज निघायचा, तो आज निघेना. कुम त्याचं सांत्वन करत होता. आता 'संपवले' म्हणायचं म्हणजे इतक्या मनापासून धीर देणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं होतं.

"कुमीणबाई, तुम्हीच सांगा," वेलिबोर मागे वळला. "तुमचे कान चांगले आहेत. आहे एक तरी रातकिडा?"

देसांकाने रुमालाखालून एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या कानातला. वेलिबोर त्या कापसाकडे बघत होता.

"कुमा," ती हळूच म्हणाली, "कान फाटतायत."

वेलिबोरने मान तिरकी केली. खिडकीखाली करायचा तशीच.  मग त्याने डेककडे पाहिलं, कोपऱ्यातल्या वळवलेल्या जर्दाळूंकडे पाहिलं, पुन्हा देसांकाच्या हातातल्या कापसाकडे. रेडिओवाल्याला बिघाड शोधायला फार वेळ लागत नाही. त्याच्या माहितीतले सगळे तुकडे समोर होते.

"हे स्पीकर कोणी फिरवले?"

"क्राल्येवोत," तिहोमीर म्हणाला. "ती म्हणाली, एवढं सुबक काम तिने पाहिलं नाही. जोड म्हणजे दागिने."

"आणि आवाज?"

"आवाज ज्याने लावला त्याच्या कानाला बरोबर आहे म्हणाली."

"मग तू काय म्हणालास?"

"कान माझे म्हणालो."

 पाण्यावरून एक बगळा गेला. मग वेलिबोरने विचारलं, "या वर्षीच आलेत का हे रातकिडे?"

"नाही, कुमा. होतेच."

"तिन्ही वर्षं?"

"तिन्ही."

"आणि ल्युबिशा म्हणाला, काय ही शांतता!" वेलिबोरचे खांदे हलू लागले. तिहोमीर घाबरला, मग त्याला दिसलं की कुम हसतोय. "नगरपालिकेतला तो साहेब! चौकशी करतो म्हणाला!" हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि पुसणं जरा लांबलं.

मग त्याने डेकवर दोन नंबर दाबला. ऐकलं. "माझ्यासाठी हे सूपमध्ये बुडवलेलं अकॉर्डियन आहे," तो म्हणाला. "तुम्हाला?"

"आम्हाला गोड लागतंय," देसांका म्हणाली. तिने पहिल्यांदाच या सिस्टीमची स्तुती केली होती.

"राहू दे मग." त्याने हात पुढे केला. "तुझ्या खिशात कार्ड असेल. क्राल्येवोवाले कार्ड दिल्याशिवाय सोडत नाहीत."

तिहोमीरने दिलं. वेलिबोरने ते लांब धरून वाचलं आणि आतल्या खिशात ठेवलं, जिथे तो लग्नातली अंगठी ठेवायचा.

"मंगळवारी जाऊ," तो म्हणाला. "तू सोबत चल. पण एक."

"बोल."

"गावात बहिरा तूच."

तिहोमीरने गाडी सुरू केली. "मीच, कुमा," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी विलोखालच्या टेबलावर वेलिबोरने हात वर केला. त्याने केस जरा वाढवले होते, कानावर येतील असे. "ऐका!" तो म्हणाला. टेबल गप्प झालं. "रातकिडे परत आले!"

"आले!" ल्युबिशा ताबडतोब म्हणाला. "मी कालच म्हणत होतो!"

"फवारणी थांबवली असणार," कोणीतरी म्हणालं. "तक्रारीचा उपयोग झाला."

वेलिबोरने मान तिरकी केली, विलोकडे, मग गवताकडे, मग भिंतीच्या फटीकडे, एकेकाची हजेरी घेत असल्यासारखी. मग तो तिहोमीरकडे वळला, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असा ओरडला, "कुमा! रातकिडे आलेत म्हणतोय मी!"

तिहोमीरने हात कानामागे नेला.

"काय?"